घारीचा बिल्ला

छावणीच्या मागच्या फाटकासमोर एक न्हाव्याचं दुकान होतं आणि त्याला चिकटून टोपीमावशीचं. तिचं दुकान इतकं चिंचोळं, की गिऱ्हाईक आत आलं की तिला शिवणयंत्राच्या मागे सरकावं लागे, आणि गिऱ्हाईक अंगाने भरलेलं असेल तर तिलाच बाहेर यावं लागे. काम एकच, बेरेट टोप्यांचं. भांडारातून मिळालेली नवी टोपी रिक्रुटाच्या डोक्यावर पालथ्या परातीसारखी बसते. मावशी ती कोमट पाण्यात भिजवायची, लाकडी साच्यावर ताणायची, उजवी बाजू कानाकडे ओढून तिथेच वाळू द्यायची. मग वस्तऱ्याने वरची लव काढायची, आतून चामड्याचा तुकडा शिवायचा, डाव्या डोळ्याच्या बरोबर वर दोन भोकं पाडायची आणि पलटणीचा बिल्ला बसवायचा. बिल्ल्याच्या मागे दोन कड्या असतात. त्या भोकांतून आत घ्यायच्या आणि त्यांतून पितळी पिन सरकवायची, की झालं.

"पोरा, ही टोपी आहे, छत्री नव्हे. जरा खाली ओढ," असं ती प्रत्येकाला सांगायची. पोरं हसायची आणि जाताना आरशासमोर दोन मिनिटं जास्त उभी राहायची.

तिचा नवरा घारीच्या पलटणीतून निवृत्त झालेला. सगळं गाव त्याला सार्जंट म्हणायचं. त्या पलटणीचा बिल्ला म्हणजे पंख पसरलेली घार आणि तिच्या पायांत एक किल्ली. सार्जंटने आपला बिल्ला नोकरीभर दर रविवारी घासला होता, आणि निवृत्तीनंतरही सोडला नव्हता. घासून घासून पिसांच्या रेघा गेल्या, चोच बोथट झाली. "सार्जंट, तुमच्या घारीचं कबूतर झालंय," असं एकटा शेजारचा न्हावीच म्हणू शके, कारण त्या वेळी त्याचा वस्तरा सार्जंटच्या गळ्यावर असे.

त्यांना एकच मुलगा. लहानपणी अगदीच चिमुकला होता म्हणून टिल्लू नाव पडलं, आणि बापापेक्षा हातभर उंच झाला तरी तेच राहिलं. टिल्लू घारीच्या पलटणीत भरती झाला त्या दिवशी सार्जंटने स्वतःच्या टोपीवरचा बिल्ला काढून त्याच्या तळहातावर ठेवला. भांडारातून मिळालेला नवा कोरा बिल्ला बाजूला राहिला. नेमकी त्याच वेळी जुन्याची एक कडी तुटली. मावशीने तांब्याच्या तारेची कडी वळवून कथलाचा डाग दिला. घाईत डाग जरा जास्तच पडला, मसुराएवढा गोळा तिथे राहिला. "असू दे, मागच्या बाजूला कोण बघतंय," ती म्हणाली होती.

त्याला आता चार वर्षं होऊन गेली होती. टिल्लूची नेमणूक दूर सीमेवरच्या चौकीवर झाली होती. आठवड्यातून एकदा फोन करायचा, दोन मिनिटं बोलायचा. "जेवलास का? थंडी आहे का?" एवढंच ती विचारायची. "हो" आणि "नाही" एवढंच तो सांगायचा. वर्ष होत आलं, रजेवर घरी आला नव्हता. "रजा मंजूर होत नाही," म्हणायचा. सार्जंट मान डोलवायचा. "नाहीच होत. आमच्याही होत नसत."

त्या आठवड्यात रेडिओवर सीमेवरच्या गोळीबाराची बातमी होती. कुठल्या भागात, किती माणसं, काही सांगितलं नव्हतं. मावशीने फोन लावला तर तो बंद. चौकीवर फोन बंदच असतात असं सार्जंट म्हणाला, म्हणून ती गप्प बसली.

बुधवारी दुपारी छावणीच्या गाडीचा ड्रायव्हर एक पोतं घेऊन आला आणि दुकानाच्या पायरीवर टाकून म्हणाला, "मावशी, घारीवाल्यांच्या टोप्या आहेत. बिल्ले काढून वेगळे करायचे, टोप्या धुऊन साच्यावर चढवायच्या."

"वापरलेल्या?"

"वरून आल्यात. मला काय माहीत," असं म्हणत तो गाडीत चढलासुद्धा.

वापरलेल्या टोप्या यापूर्वी एकदाच तिच्याकडे आल्या होत्या, लढाईच्या वर्षी. त्या कुणाच्या होत्या हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. एरवी जुन्या टोप्या भांडारातच निकालात निघत. मावशी पोत्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने स्वतःलाच दटावलं आणि पोत्याची दोरी सोडली.

टोप्यांना घामाचा, तेलाचा, बंद पेटीचा वास होता. एकेक टोपी उलटी करायची, पिन ओढायची, बिल्ला डब्यात टाकायचा. हात सवयीने चालले होते. शेजारून न्हावी कुणाशी तरी भावावरून हुज्जत घालत होता, तिकडे तिचा कान होता. एका टोपीची पिन निघेना. तिने अंगठ्याने कड्या चाचपल्या आणि एका कडीपाशी बोटाला मसुराएवढा गोळा लागला.

तिने बघितलं नाही. अंगठा तिथेच ठेवून ती समोरच्या भिंतीवरच्या खुंट्या बघत बसली. बघितलं नाही तोवर ते खरं नाही, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं. मग तिने टोपी सुलटी केली. पिसांच्या रेघा नसलेली, बोथट चोचीची घार तिच्याकडे बघत होती.

न्हाव्याला पुढे आठवत होतं ते एवढंच, की पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो धावत आला तर बिल्ल्यांचा डबा जमिनीवर उपडा झालेला, आणि मावशी स्टुलावर ताठ बसलेली.

"मावशी? अहो मावशी, काय झालं?"

त्याने पाणी आणलं. तिने पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. तो घाबरून म्हणाला, "सार्जंटना बोलावू का?" तेव्हा ती उठली. पेला त्याच्या हातात परत दिला, टोपीवरचा बिल्ला खेचून काढून मुठीत घेतला आणि दुकान उघडंच टाकून चालू लागली. न्हावी तिच्या मागे दोन पावलं गेला, मग वळून त्याने तिच्या दुकानाचं दार ओढून घेतलं.

घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. रस्त्यात तिने पुन्हा पुन्हा फोन लावला. तेच उत्तर, फोन बंद. भांडारात लावला, तिथे कुणी उचलेना. घरी सार्जंट खिडकीजवळ वर्तमानपत्र वाचत होता. तिने मूठ उघडून त्याच्यासमोर धरली.

"हा कुठे मिळाला?"

"पोत्यात. वापरलेल्या टोप्या आल्यात. वरून."

सार्जंटने बिल्ला घेतला, उलटा केला, मागचा डाग बघितला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा बघितला. मग वर्तमानपत्राची नीट घडी केली. तिला वाटलं, आता हा कोसळणार, आता याला धरायला हवं. पण तो उठून उभा राहिला. उभा राहिला तो किती तरी वर्षांत राहिला नव्हता तसा.

"बस तू," तो म्हणाला. "बस खाली."

"आपण फाटकावर जाऊ. कुणाला तरी विचारू."

"विचारायचं नसतं. ते घरी माणसं पाठवतात. दोघं येतात. आपण तयार असायला हवं."

त्याने दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्याचं बटणसुद्धा लावलं. बाहेरचं दार उघडून त्याच्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या. मग स्वयंपाकघरात गेला आणि चहा करून घेऊन आला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने चहा केलेला तिने पाहिला नव्हता. साखर कुठे असते हे त्याला कसं कळलं, असा एक मूर्ख विचार तिच्या मनात येऊन गेला. त्याने तिच्या पायांवर शाल टाकली. शेजारी बसून तिचा हात हातात घेतला.

"आपला टिल्लू मागे हटला नसेल," तो म्हणाला. "तू चांगला मुलगा वाढवलास."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला रडू येत नव्हतं. छातीत कुणीतरी ओली माती भरून ठेवल्यासारखं झालं होतं, आत काही जात नव्हतं, बाहेर काही येत नव्हतं. दार उघडं होतं. रस्त्यावरून कुणी गेलं की दोघंही सावरून बसायची. कुणी आत आलं नाही.

सकाळी ती म्हणाली, "मी भांडारात जाते. तुम्ही यायचं तर या."

सार्जंट आला. तो सैनिकासारखा चालत होता, आणि ती त्याच्या मागून ओढली जात असल्यासारखी. भांडारातला स्टोअरकीपर जुना ओळखीचा, ढेरपोट्या, बोलका माणूस. काउंटरमागून त्याने दोघांना बघितलं आणि हात जोडून उठला.

"या या सार्जंटसाहेब! मावशी, पोतं मिळालं ना? घाई नाही हं काही."

मावशीने बिल्ला काउंटरवर ठेवला. "हा माझ्या मुलाचा आहे."

"असं? मग ठेवा तुम्ही. एका बिल्ल्याने काय होतंय. मी नवा दाखवीन हिशेबात."

"कधी झालं?" सार्जंटने विचारलं. त्याचा आवाज अगदी स्थिर होता.

"काय कधी झालं?"

"त्याला कधी..." सार्जंट थांबला. "आम्हाला अजून कुणी येऊन सांगितलेलं नाही."

स्टोअरकीपरने आधी त्याच्याकडे बघितलं, मग मावशीकडे. मावशीचा चेहरा बघून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अहो, नाही! अहो मावशी, नाही, नाही! तुम्हाला काय वाटलं? या गेलेल्यांच्या टोप्या नाहीत. सुटलेल्यांच्या आहेत! मुदत संपून घरी गेलेल्यांच्या. नवा साहेब काटकसरीवाला आलाय, जुन्या टोप्या फेकायच्या नाहीत म्हणतो. तुमचा टिल्लू तर उन्हाळ्यातच सुटला की. चार वर्षं पुरी केली, पुढच्या मुदतीची सही केली नाही. धडधाकट आहे! माझ्या ओळखीच्या हवालदाराने स्वतः त्याचं सामान जमा करून घेतलं. तुम्हाला... तुम्हाला माहीत नव्हतं?"

मावशीने काउंटर धरला, तरी खाली बसलीच, तिथेच, फरशीवर. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा हे स्टोअरकीपरला कळेना. तो काउंटरला वळसा घालून धावत आला. "मावशी, जिवंत आहे तो. जिवंत आहे," असं तो लहान मुलाला समजावावं तसं म्हणत राहिला. ती त्याचा हात घट्ट धरून "हो, हो" करत होती.

थोड्या वेळाने तिला आठवलं, की आपल्याबरोबर नवराही आला होता. सार्जंट बाहेर पायऱ्यांवर उभा होता. तिला वाटलं, एकटा रडायला बाहेर गेला असेल. ती डोळे पुसत त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मैदानावर रिक्रुटांची कवायत चालली होती.

"अहो, ऐकलंत ना? जिवंत आहे."

"ऐकलं."

"खोटं का बोलला असेल? असू दे. विचारू आपण. कान उपटू चांगले. पण जिवंत आहे."

सार्जंट कवायतीकडे बघत होता. गळ्याचं बटण त्याने काढलं होतं. कालपासून ताठ असलेले खांदे उतरले होते आणि तो एकाएकी म्हातारा दिसत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "काल होतं, तेच बरं होतं."

तिला आधी कळलं नाही. "काल काय होतं?"

"काल तो पलटणीत होता."

"काल तो मेलेला होता."

"हो," सार्जंट म्हणाला.

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. आता हा म्हणेल, तसं नव्हे गं, मला तसं म्हणायचं नव्हतं. ती थांबली. चांगला वेळ थांबली. मैदानावर कुणीतरी हुकूम दिला, सगळे बूट एकदम आपटले. सार्जंट पायऱ्या उतरला आणि घराच्या दिशेने चालू लागला. तिच्या पायऱ्या उतरण्याचीही त्याने वाट पाहिली नाही.

पोत्यात बिल्ला सापडला तेव्हा निदान काय झालं ते तिला कळलं होतं. आता काय झालं तेच कळेना. ज्या माणसाने काल पायांवर शाल टाकली, हात हातात घेतला, तो माणूस कशामुळे एवढा मऊ झाला होता? ती तिथेच पायरीवर बसली.

तेवढ्यात तिच्या पिशवीत फोन वाजला.

"आई? अगं किती मिस्ड कॉल! काय झालं? माझा फोन पाण्यात पडला होता, आत्ता दुरुस्त होऊन आला."

तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"आई? ऐकू येतंय का?"

"कुठे आहेस?"

"कुठे म्हणजे? चौकीवर."

मागे कुत्री भुंकत होती. एक नव्हे, बरीच.

"एवढी कुत्री?"

"पहाऱ्याची आहेत गं."

"टिल्लू," ती म्हणाली, "तुझी टोपी माझ्या दुकानात आहे."

पलीकडे नुसती कुत्री भुंकत राहिली. खूप वेळाने त्याने एका शहराचं नाव सांगितलं आणि तिथल्या पशुदवाखान्याचा पत्ता. बसने चार तासांवर.

ती घरी गेली नाही. होती तशीच, दुकानातला पुढे बांधायचा फडका कालपासून कमरेला तसाच, बसमध्ये बसली. शेजारच्या बाईने "कुठल्या हॉटेलात कामाला आहात?" असं विचारलं तेव्हा तिच्या ते ध्यानात आलं.

पशुदवाखाना एका चढावर होता. बाहेरच्या खोलीत मांजरांच्या पेट्या मांडीवर घेऊन माणसं बसली होती. काउंटरवरच्या मुलीने तिला मागच्या अंगणात पाठवलं. तिथे सिमेंटच्या मोठ्या हौदात एक अवाढव्य काळं कुत्रं उभं होतं आणि गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला, फेसाने माखलेला टिल्लू त्याला साबण लावत होता. तो कुत्र्याशी बोलत होता. "झालं राजा, झालं, आता फक्त एक कान." आपल्याशी दोन मिनिटांच्या वर न बोलणारा मुलगा एवढं बोलतो, हे ती दारात उभी राहून ऐकत होती.

त्याने मान वर केली. हातातला साबण खाली पडला.

तिने जवळ जाऊन त्याच्या एका गालावर चापट मारली. मग दुसऱ्या. मग तोच चेहरा दोन्ही हातांत धरून कपाळाला कपाळ टेकवलं आणि कालपासून अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. कुत्रं आधी भुंकलं, मग अंग झाडून त्याने दोघांनाही भिजवलं.

"काल तू मेलेला होतास," ती म्हणाली. "कळतंय का तुला? काल दुपारपासून आज सकाळपर्यंत."

त्याला कळत नव्हतं. तिने पोत्याचं, बिल्ल्याचं, उघड्या दारासमोरच्या खुर्च्यांचं सांगितलं. ते ऐकताना तो हौदाच्या कडेवर बसला, ओले हात तसेच अधांतरी धरून.

"टोप्या तुझ्याकडे येतील हे माझ्या डोक्यातही आलं नाही," तो म्हणाला. "जुन्या टोप्या जाळतात ना?"

"बिल्ला का दिलास? बाबांचा होता तो. काढून ठेवायचास."

"काढायला गेलो होतो. पण वाटलं, ठेवून काय करू? घरी नेऊन बाबांना देऊ? तो पलटणीचा आहे, पलटणीतच जाऊ दे, असं वाटलं." त्याने कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. "आई, मी पळून नाही आलो. विचार कुणालाही, मी चांगला शिपाई होतो. पण रोज सकाळी उठलो की वाटायचं, हे अंथरूण दुसऱ्या कुणाचं आहे, बूट दुसऱ्या कुणाचे आहेत. बाबांनी स्वतःच्या टोपीवरचा बिल्ला काढून दिला ना. मी नको कसं म्हणणार?"

"मग सुटल्यावर तरी सांगायचंस."

"दर आठवड्याला सांगायला फोन करायचो. तू विचारायचीस, थंडी आहे का, की माझी जीभच उचलायची नाही."

तिला त्याचा राग यायला हवा होता. आलाही होता थोडा. पण तो बोलत असताना त्याचे हात त्या कुत्र्याचा कान उलटा करून आतून पुसत होते, इतक्या हलक्या हाताने, की तिला राग धरून ठेवता येईना.

मग त्याने तेच विचारलं, जे त्याने विचारू नये असं ती बसमध्ये बसल्यापासून मनात म्हणत होती.

"बाबा काय म्हणाले?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"तू जिवंत आहेस म्हटल्यावर माणूस काय बोलणार? बसले गप्प."

त्याने तिच्याकडे निरखून बघितलं. ती फडक्याने त्याच्या कपाळावरचा फेस पुसू लागली, म्हणजे त्याला डोळे मिटावे लागतील.

त्याच्या भाड्याच्या खोलीत ती दोन-चार दिवस राहिली. त्याची भांडी घासली, शर्टांना बटणं लावली. खोलीत एक तीन पायांचं मांजर होतं, ते तिच्या उशाशी येऊन झोपायचं. टिल्लू दिवसभर खुशीत असायचा. आणि ती मध्येच भाजी चिरता चिरता थांबायची. कानात तो एकच शब्द वाजायचा. हो. ओरडून नव्हे, चिडून नव्हे. हो.

घरी परतली तेव्हा सार्जंट खिडकीजवळच होता. दाढी वाढली होती, सिंकमध्ये अंड्याची टरफलं पडली होती.

"कसा आहे?" त्याने विचारलं.

"बरा आहे. जनावरांच्या दवाखान्यात आहे."

"डॉक्टर म्हणून?"

"डॉक्टर वेगळे. हा कुत्री-मांजरं धरतो, धुतो, पिंजरे साफ करतो."

सार्जंटने मान वळवली. ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"त्या दिवशी जे म्हणालात, ते परत घ्या."

"रागात बोललो."

"नाही. राग आला की तुम्ही ओरडता. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुम्ही हळू बोललात."

ती उठली आणि टरफलं भरायला लागली. त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलणं उरलं. जेवायला या. दूध आणा. बल्ब गेलाय. ती बाहेरच्या खोलीत झोपू लागली. न्हाव्याने एकदा चाचपून बघितलं, "सार्जंट हल्ली दाढीला येत नाहीत, माझं काही चुकलं का?" तेव्हा ती म्हणाली, "तुमचं नाही चुकलं."

टोप्या तिने धुतल्या, साच्यावर चढवल्या, परत पाठवल्या. ज्या टोपीतून तो बिल्ला निघाला तीही पाठवली. आता ती कुणाच्या तरी डोक्यावर असेल.

बरेच आठवडे गेले. एका सकाळी सार्जंट तिला काही न सांगता बाहेर पडला तो संध्याकाळी परतला. बूट धुळीने भरले होते. तिने जेवण वाढलं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "जाऊन आलो."

ती थांबली.

"बाहेर बसलो होतो. ती मुलगी विचारते, काका, कोणता प्राणी आणलाय? मी म्हटलं, माझा मुलगा आहे आत. ती हसली. मग त्याला बोलावून आणलं." सार्जंटने पेला जरा बाजूला सरकवला. "चहा प्यायलो दोघं. पगार किती, रजा किती, विचारलं. त्याने एक कुत्रं दाखवलं, गाडीखाली आलं होतं. पाय कापावा लागला. ते त्याच्याशिवाय कुणाच्या हातून खात नाही."

"त्याला सांगितलंत?"

"काय?"

"तुम्हाला माहीत आहे काय."

"नाही." पुढे बोलला तेव्हा त्याचा आवाज तिला ओळखूच आला नाही. "त्या दिवशी मी दाढी केली, खुर्च्या मांडल्या. तू समोर दगडासारखी बसली होतीस आणि मला... मला आतून बरं वाटत होतं गं. माझा मुलगा गेला आणि मला बरं वाटत होतं. आज तो त्या कुत्र्याला भरवत होता, तेव्हा एकदम माझ्या ध्यानात आलं, की मी काय केलं. असा कसा माणूस आहे मी?"

ती त्याच्याकडे बघत होती. त्याचे हात ताटाच्या दोन्ही बाजूंना पालथे पडले होते.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी बघत होते तुमच्याकडे."

"तू सांगशील त्याला?"

"नाही."

"का?"

"त्याला अजून बाप हवाय." तिने त्याच्या ताटात भात वाढला, नेहमीएवढाच. "मला नवरा हवाय की नाही, ते मी बघतेय अजून. जेवा, गार होतंय."

तो जेवला. तीही तिथेच बसून जेवली, त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्याच्याबरोबर. मधेच त्याने विचारलं, पुढच्या रविवारी बस किती वाजता असते. तिने सांगितलं. मग ती उठली, ताटं उचलली आणि बाहेरच्या खोलीत आपलं अंथरूण घालायला गेली.